रट्टा, तयारी आणि आनंदचा घोडा

आपल्या हॉस्टेलमध्ये ‘रट्टा’ हा शब्द दिवसातून निदान पन्नास वेळा तरी कानावर पडतो. पीएल सुरू झाली की शंभर वेळा. रट्टा मारणारा तो रट्टू, आणि रट्टूला डिस्टिंक्शन मिळालं तरी मान मिळत नाही, हा आपला अलिखित कायदा. उलट रात्रभर पत्ते कुटून सकाळी पेपरात कसेबसे चाळीस काढणारा मात्र ‘डोकेबाज’! या कायद्याबद्दल मला बरंच बोलायचंय, पण ते मी बुद्धिबळाच्या वाटेनं बोलणार आहे. कारण यंदा हा शिक्का भलत्याच माणसाच्या कपाळावर मारला गेला, असं माझं स्पष्ट मत आहे.

चेसला हल्ली आपल्याकडे बरे दिवस आलेत. २०२४ च्या डिसेंबरात गुकेश सिंगापूरला जगज्जेता झाला, २०२५ च्या जुलैत आपल्या नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बातुमीहून महिलांचा विश्वचषक घेऊन आली, आणि आमच्या कॉमन रूममध्ये कॅरमच्या शेजारी चेसलाही नंबर लागायला लागले. यंदाच्या हॉस्टेल टूर्नामेंटला त्यामुळे चांगली चाळीसेक नावं आली. फायनलला एकीकडे फायनल इयरचा सीनियर (दोन वर्षांचा विजेता) आणि दुसरीकडे फर्स्ट इयरचा एक पोरगा, जो एरवी मेसमध्ये ताट घेऊन कोपऱ्यात बसतो. काळी मोहरी पोराची. पंचविशीच्या आतच सीनियरनं हात पुढे केला. पोरानं मेरान नावाचं एक तिखट ओपनिंग खेळलं होतं आणि त्याच्या बऱ्याच चाली त्याला तयार होत्या, हे त्यानंच नंतर प्रामाणिकपणे सांगितलं.

झालं! दुसऱ्या दिवसापासून सुरू. “घोकून आलाय.” “लॅपटॉप जिंकला, हा नाही.” “असं असेल तर पुढच्या वर्षी पहिल्या दहा चाली चिठ्ठ्या टाकून ठरवा.” आणि मेसच्या रांगेत कुणीतरी सगळ्यावर कडी केली, “अरे, आनंदसुद्धा तेच करतो. तो आरोनियनचा डाव त्यानं कुठे खेळला? कॉम्प्युटरनं खेळला!”

या शेवटच्या वाक्यापायी मी हे लिहायला बसलोय. कारण तो डाव मी बऱ्याच वेळा पटावर मांडून पाहिलाय, आणि हे वाक्य बोलणाऱ्यानं तो एकदाही पाहिलेला नसणार अशी माझी खात्री आहे. तेव्हा आधी डाव पाहू.

हॉलंडमध्ये समुद्रकाठी विक आन झी म्हणून एक लहानसं गाव आहे. शेजारी पोलादाचा अवाढव्य कारखाना आणि त्या कारखान्याच्या आश्रयानं १९३८ साली सुरू झालेली बुद्धिबळाची स्पर्धा. कारखाना टाटांकडे आला आणि पुढे स्पर्धेलाही टाटा स्टीलचं नाव लागलं. (तिथे समारोपाच्या जेवणात वाटाण्याचं सूप वाढायची जुनी परंपरा आहे. आपल्या मेसच्या रविवारच्या पातळ भाजीला कुणी परंपरा म्हणत नाही, एवढाच फरक.) जानेवारी २०१३ मध्ये या स्पर्धेच्या चौथ्या फेरीत आर्मेनियाचा लेव्हॉन आरोनियन पांढरी मोहरी घेऊन विश्वनाथन आनंदसमोर बसला. आनंद तेव्हा जगज्जेता होता, आणि आरोनियन जगातल्या पहिल्या तीन-चार जणांपैकी.

ओपनिंग सेमी-स्लाव्ह, त्यातला मेरान प्रकार. ज्यांना ही नावं नवी आहेत त्यांनी एवढंच लक्षात ठेवा की यात काळा सुरुवातीला दबून बसल्यासारखा दिसतो. मधलं प्यादं सोडून देतो, वजिराच्या बाजूची प्यादी पुढे काढतो, आपला एक उंट बी ७ वर आपल्याच प्याद्याच्या मागे कोंडून ठेवतो. सगळी गंमत त्या सी ६ च्या प्याद्यात आहे. ते एक घर पुढे सरकून मध्यभागी मारामारीला गेलं की उंटाची तिरकी वाट उघडते, आणि ती वाट थेट पांढऱ्या राजाच्या दारात, जी २ वर जाऊन थांबते.

बाराव्या चालीला आरोनियननं घोडा जी ५ वर आणला. आता काळ्या राजाशेजारचं एच ७ चं प्यादं तिघांच्या डोळ्यात आलं: हा घोडा, डी ३ चा उंट आणि त्याच्या मागे सी २ वर वजीर. तुम्ही-आम्ही असतो तर घाबरून जी किंवा एच चं प्यादं एक घर ढकललं असतं. आनंदनं तिकडे पाहिलंच नाही. तेच सी चं प्यादं पुढे सरकवलं. आरोनियनच्या घोड्यानं एच ७ खाल्लं. आता तो घोडा एफ ८ च्या हत्तीवरही नजर ठेवून, आणि एफ ६ च्या घोड्यावरही. आनंदनं त्या घुसखोराला मारायचं सोडून आपला घोडा जी ४ वर उडी मारून पुढे नेला! म्हणजे हत्ती घ्यायचा तर घ्या, आम्ही तुमच्या राजाकडे निघालो.

पुढच्या दोन चालींत मधली प्यादी मारली गेली, आणि आनंदनं डी ६ चा उंट सी ५ वर आणला, जिथे पांढऱ्याचं प्यादं त्याला सरळ खाऊ शकतं. खाल्लं तर डी ची उभी रांग मोकळी होते आणि काळ्या वजिराला डी ४ वरून शह मिळतो, म्हणून आरोनियननं खाल्लं नाही. त्यानं आपला उंट ई २ वर मागे घेऊन जी ४ च्या घोड्यावर रोखला.

आणि मग सोळावी चाल. आनंदनं दुसरा घोडा डी ७ वरून ई ५ वर ठेवला.

इथे जरा थांबा आणि शक्य असेल तर पट मांडा. काळ्याची किती मोहरी मारात आहेत ते मोजा. एफ ८ चा हत्ती घोड्याच्या तोंडात. सी ५ चा उंट प्याद्याच्या तोंडात. जी ४ चा घोडा उंटाच्या तोंडात. आणि हा नवा ई ५ चा घोडा एफ ४ च्या प्याद्याच्या तोंडात. चार! पटावर चार मोहरी एकाच वेळी उघड्यावर ठेवून जगज्जेता शांत बसलेला.

का? एफ ४ च्या प्याद्यानं घोडा खाल्ला असं धरा. काळा वजीर डी ४ चं प्यादं मारून शह देतो. राजा कोपऱ्यात एच १ वर गेला, तर वजीर सरळ राजाच्या मांडीला मांडी लावून जी १ वर येऊन बसतो. राजाला तो खाता येत नाही, कारण मागून सी ५ च्या उंटाचा जोर आहे. हत्तीनंच खायला हवा. हत्तीनं खाल्ला की राजाभोवतीच्या तिन्ही घरांत त्याचीच माणसं, आणि काळा घोडा जी ४ वरून एफ २ वर: मात. घरच्याच माणसांच्या गर्दीत घुसमटलेला राजा. आणि दुसरी एक बारीक गोष्ट: ई ५ चा घोडा डी ४ च्या प्याद्यालाही खाता आला असता असं वाटतं, पण ते प्यादं हललं की राजाला सी ५ च्या उंटाचा शह उघडा पडतो, म्हणून ती चाल नियमातच बसत नाही. म्हणजे ‘मारात’ दिसणारी मोहरी खरोखर मारात किती आणि नुसती दिसायला किती, हा सगळा हिशेब त्या एका चालीत आहे.

आरोनियन काही आपल्यासारखा खेळाडू नाही, त्यानं ती मात पाहिली आणि उंटानं जी ४ चा घोडा घेतला. आनंदच्या उंटानं डी ४ चं प्यादं शहासकट उचललं, राजा कोपऱ्यात गेला, ई ५ च्या घोड्यानं जी ४ वरचा उंट परत घेतला. आता आरोनियननं शेवटी तो हत्ती खाल्ला. आणि आनंदनं? तो घोडा लगेच मारायचा सोडून एफ चं प्यादं दोन घरं पुढे. वजिराची एच ७ कडची तिरकी वाट बंद. मला विचाराल तर सोळाव्या चालीइतकीच ही एकोणिसावी चालही भारी आहे, पण तिच्यात फटाके नाहीत म्हणून तिचं नाव कुणी घेत नाही. घोडा बिचारा जी ६ वर आला, तिथे दोन चालींत वजिरानं त्याला टिपलं. तेविसाव्या चालीला आनंदनं उंट ई ३ वर ठेवला आणि पांढऱ्या वजिराची तिसऱ्या रांगेतली मदतीची वाट कापली. पुढे वजीर एच ३ वर मात देणार, कारण जी २ चं प्यादं बी ७ च्या उंटानं जखडलेलं. तोच उंट, जो सुरुवातीला कोंडून बसला होता! आरोनियननं डाव सोडला.

आता आरोपाकडे येऊ. हो, ही तयारी होती. २०१२ च्या मे महिन्यात मॉस्कोला बोरिस गेल्फांडविरुद्ध आनंदची जगज्जेतेपदाची लढत झाली, तिच्यासाठी आनंद आणि त्याच्या सहायकांनी जी शिबिरं केली, त्यातली ही कल्पना. लढतीत ती वापरायची वेळ आली नाही, वहीत राहिली, आणि आठ महिन्यांनी आरोनियनवर उडाली. तेव्हाही चांगली चेस इंजिनं होती आणि ती या शिबिरात होती यात शंकाच नाही. आज तर खिशातला फोन जगातल्या कुठल्याही ग्रँडमास्टरला हरवतो. मग मेसच्या रांगेतला तो मित्र बरोबरच म्हणाला की काय?

नाही. आणि का नाही ते इंजिनीअरिंगवाल्यांना तरी कळायला हवं.

इंजिन काय देतं? एक चाल आणि एक आकडा. ‘घोडा ई ५, काळा सरस.’ बस्स. पुस्तकाच्या मागे गणिताचं उत्तर छापलेलं असतं, तसं. स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सच्या गणिताचं उत्तर मागे बघून कुणाला बेंडिंग मोमेंटचा डायग्रॅम आला असेल तर मला त्याला भेटायचंय. जगज्जेतेपदाच्या लढतीला माणूस एक-दोन नाही, शेकडो फाटे डोक्यात घेऊन जातो. ते नुसते आकडे म्हणून कुणाच्याच डोक्यात राहत नाहीत. ते कारणांमुळे राहतात: डी ४ चं प्यादं जखडलेलं आहे, एफ २ वर घोडा बसला की राजाला श्वास नाही, बी ७ चा उंट उघडलाय. ही तीन कारणं ज्याला दिसतात त्याला आठ महिन्यांनंतरही ई ५ चा घोडा आठवतो. ज्याला दिसत नाहीत, त्यानं आदल्या रात्री घोकलं तरी सकाळी पटावर तो हात दुसऱ्याच घोड्याला लावणार.

शिवाय ही कारणं त्या शिबिरात जन्मलेली नाहीत. १९०७ साली पोलंडमधल्या लोड्झ शहरात (तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं) आकिबा रुबिनस्टाइन नावाच्या माणसानं रोतलेवीविरुद्ध एक डाव काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. त्यात त्यानं वजीर खाऊ दिला, वर हत्तीही पुढे केला, आणि शेजारशेजारच्या दोन तिरक्या वाटांवरून दोन्ही उंटांनी पांढऱ्या राजाला कोपऱ्यात संपवलं. आनंदचा डाव संपला तेव्हा जाणकारांना तोच डाव आठवला, कारण चित्र तेच. आणि मेरान हे नावही आलंय १९२४ सालच्या इटलीतल्या मेरानो गावच्या स्पर्धेवरून, जिथे ग्रुनफेल्डविरुद्ध हे ओपनिंग खेळणारा पुन्हा हाच रुबिनस्टाइन! (आणखी गंमत म्हणजे ज्याच्यासाठी ही सगळी दारू भरून ठेवली होती तो गेल्फांड स्वतः रुबिनस्टाइनचा मोठा भक्त.) म्हणजे आनंद त्या दिवशी शंभर वर्षांच्या अभ्यासावर बसून खेळत होता. याला रट्टा म्हणायचं असेल तर न्यूटन वाचणाऱ्यालाही म्हणा.

बरं, नुसत्या तयारीनं डाव जिंकता येतो का? याचं सगळ्यात जुनं आणि गोड उत्तर १९१८ चं आहे. न्यूयॉर्कला फ्रँक मार्शलनं कापाब्लांकावर एक नवा हल्ला सोडला. प्यादं फेकून राजावर चाल. मार्शलनं तो कापाब्लांकासाठी वर्षानुवर्षं जपून ठेवला होता अशी कथा सांगतात, पण ती दंतकथा म्हणूनच ऐकावी. खरं एवढंच की तयारी मार्शलची होती आणि समोरच्याला सगळं पटावर बसून शोधायचं होतं. कापाब्लांकानं प्यादं खाल्लं, हल्ला अंगावर घेतला, एकेक चाल शोधली आणि डाव जिंकला. मार्शल हरला, पण त्याचा हल्ला राहिला, आणि आजही त्याच्याच नावानं मोठमोठे खेळाडू तो खेळतात. कुणी त्याला रट्टू म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

दुसरं उदाहरण आनंदचंच. २००८ मध्ये जर्मनीत बॉनला क्रामनिकविरुद्ध लढत होती. तिसऱ्या डावात आनंदनं हेच मेरान काढलं, त्यात एक नवीच चाल आणली आणि जिंकला. ठीक आहे, म्हणा तयारीनं जिंकला. पण पाचव्या डावात क्रामनिक पुन्हा त्याच ओपनिंगमध्ये आला. आता तीही तयारी करून आलेला, त्याच्याकडेही कॉम्प्युटर, त्याच्याकडेही सहायक. मामला बरोबरीत चालला होता. आणि एकोणतिसाव्या चालीला क्रामनिकनं एक प्यादं खायचा मोह केला. त्याच्या हिशेबात सगळं बसत होतं, पण चार-पाच चाली पुढे आनंदचा घोडा ई ३ वर येऊन बसणार हे त्याच्या नजरेतून निसटलं. खेळ खलास. ही चाल कुठल्या शिबिरातून आली होती? पटावरूनच आली. आनंदनं ती लढत साडेसहा-साडेचार अशी जिंकली.

म्हणून माझं म्हणणं असं की तयारी म्हणजे डाव नव्हे, तयारी म्हणजे डावाच्या अवघड जागेपर्यंत न ठेचकाळता पोचण्याची सोय. पुढचं ज्याचं त्यालाच.

आता समोरच्या बाजूचंही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलंय. मोठ्या स्पर्धांमध्ये असेही डाव होतात की दोघंही पंचवीस-तीस चाली खटाखट खेळतात, सगळ्या घरून आणलेल्या, आणि हस्तांदोलन करून चहा प्यायला जातात. ते बघताना माझंही डोकं फिरतं. बॉबी फिशर याच गोष्टीला वैतागला आणि १९९६ मध्ये ब्युनोस आयर्सला त्यानं मागच्या रांगेतली मोहरी सोडतीनं मांडायचा प्रकार जाहीर केला, ९६० वेगवेगळ्या मांडण्यांचा. कार्लसनलाही ते फार आवडतं. २०२४ च्या फेब्रुवारीत जर्मनीत अशाच मांडणीची एक बडी स्पर्धा झाली, ती त्यानंच जिंकली. आणि २०१३ च्या नोव्हेंबरात चेन्नईत याच कार्लसननं आनंदचं जगज्जेतेपद काढून घेतलं ते तिखट ओपनिंगच्या नादी न लागता, साध्या-सपक दिसणाऱ्या डावांत तास-तास दाबत बसून. विक आन झीच्या त्या सुंदर डावानंतर अवघ्या दहा महिन्यांत. तेव्हा तयारी सर्वशक्तिमान आहे असं म्हणायचा माझा इरादा नाही. पण कार्लसनलाही कुणी ‘बिनतयारीचा’ समजू नये. त्याची तयारी डावाच्या शेवटाकडची होती, एवढंच. हत्ती-प्याद्यांच्या कंटाळवाण्या शेवटांचा जो अभ्यास त्याच्या अंगात मुरलाय, तो काही रात्रभर पत्ते कुटून आलेला नाही.

आता आपल्या फर्स्ट इयरच्या पोराकडे. रट्टू ओळखायची परीक्षा आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. गाइडमध्ये असलेल्या प्रश्नाचा आकडा बदला, किंवा ‘एक्स्प्लेन’च्या जागी ‘व्हाय’ लिहा. रट्टू तिथेच कोसळतो. आता फायनलचा डाव आठवा. त्या दिवशी टेबलाभोवती जे उभे होते त्यांनी तरी आठवावा. अकराव्या चालीला सीनियरनं पुस्तकातली वाट सोडली आणि ई चं प्यादं मध्येच पुढे घातलं. पोरगा थांबला. अर्ध्या तासाच्या घड्याळातली आठ मिनिटं त्यानं त्या एका चालीवर घालवली. डोकं दोन्ही हातांत धरून बसला होता. मागून कुणीतरी म्हणालंही, “संपला रे, पान फाटलं वाटतं.” पान फाटलं असेलच, पण तो संपला नाही. त्यानं सी चं प्यादं पुढे घातलं, बी ७ चा उंट उघडला, आणि तिथून पुढचा डाव त्याचा स्वतःचा होता. रात्री कॉमन रूममध्ये मी त्याला विचारलं तर त्यानं त्या चालीचे तीन फाटे मांडून दाखवले, एक स्वतःलाच न पटलेला धरून. सीनियरही शेजारी उभा होता आणि मान डोलावत होता. गंमत अशी की ज्याचा पराभव झाला त्याची काहीच तक्रार नाही, आणि बोंबाबोंब बघणाऱ्यांची!

आणि आता तो पोरगा म्हणतोय की इंटर-कॉलेजच्या टीममध्ये नाव देणार नाही. सिलेक्शन महिन्याभरावर आहे. चेष्टा आपली होते, टीम कॉलेजची जाते. ज्या मुलानं दोन महिने रोज रात्री रूममध्ये पट मांडून एक ओपनिंग उलटंपालटं करून पाहिलं, त्याला आपण ‘लॅपटॉप’ म्हणून हाक मारतो. आणि ज्यांनी सबमिशनच्या आदल्या रात्री चौदा प्रॅक्टिकल्स सीनियरच्या फाइलवरून उतरवली, रीडिंगसकट, ग्राफसकट, क्वचित सीनियरच्या रोल नंबरसकट, त्यांना कुणी काही म्हणत नाही. तो म्हणजे ‘सिस्टिम’. माझा राग इथे आहे. खरा रट्टा आपण गोड मानून घेतलाय आणि अभ्यासाला रट्टा म्हणतोय.

यात थोडा वाटा सरांचाही आहे, आणि हे पान स्टाफही वाचतो म्हणूनच लिहितो. व्हायवाला “डिफाइन” विचारलं की डेफिनेशनच पाठ होणार. ज्या व्हायवात “हे रीडिंग इथेच का वळलं?” असा एक जरी प्रश्न येतो, तिथे अर्धी बॅच खरोखर प्रयोग करून येते, हे आम्ही पाहिलेलं आहे. असे सर आपल्याकडे आहेत. थोडे आहेत, पण आहेत.

जिमखान्याच्या मीटिंगमध्ये आता दोन प्रस्ताव आहेत म्हणे. एक, पहिल्या दहा चाली चिठ्ठीनं. दोन, पुढची टूर्नामेंट फिशरच्या ९६० मांडणीनं. पहिल्या प्रस्तावाला माझा पूर्ण विरोध. भलत्याच चालींतून सुरू झालेला डाव म्हणजे दुसऱ्यानं अर्धा सोडवलेला पेपर. दुसऱ्या प्रस्तावाला विरोध नाही, ९६० मजेशीर आहे, जरूर ठेवा, पण वेगळी स्पर्धा म्हणून, एखाद्या रविवारी. कुणी अभ्यास करून आला म्हणून नियम बदलायचा असेल तर तो सरळ सरळ दंड झाला, आणि तसं असेल तर नोटीस बोर्डावर तसंच लिहा.

त्यापेक्षा एक सोपी गोष्ट सुचवतो. प्रत्येक डाव संपला की जिंकणारा आणि हरणारा दोघांनी पंधरा मिनिटं त्याच पटावर बसायचं आणि डाव परत मांडायचा. बघणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे: हा घोडा इथे का, ते प्यादं का नाही खाल्लं. मोठ्या स्पर्धांत खेळाडू हे आपण होऊन करतात. ज्यानं नुसतं पाठ केलं असेल तो पाच मिनिटांत उघडा पडेल, चिठ्ठ्या टाकायची गरज नाही. आणि ज्यानं अभ्यास केला असेल त्याच्याकडून बाकीच्यांना काहीतरी मिळेल.

सिलेक्शनसाठी नावं या महिन्याच्या अखेरपर्यंत जिमखाना सेक्रेटरीकडे द्यायची आहेत. त्या पोराच्या रूमवर मी आणि तो हरलेला सीनियर असे दोघं उद्या जेवणानंतर जाणार आहोत. ज्यांनी ‘लॅपटॉप’ म्हटलं होतं त्यांच्यापैकी कुणाला यायचं असेल तर या. पट तिथेच आहे.